नदीपलीकडची बोडी

मरळ एवढी मोठी होती की ती काठीला लटकवून दोघांनी खांद्यावरून आणली. काठीचं एक टोक कंपाऊंडाचा चौकीदार झाडू याच्या खांद्यावर, दुसरं माझ्या नवऱ्याच्या, उमाजीच्या. पुढे रिकाम्या हातांनी आमचे उपदेशक गोविंदा मास्तर. वैनगंगेपलीकडची जमीन पाहायला आमच्या ख्रिस्ती मंडळीने पाठवलेले पुरुष परत आले ते असे. सगळं मिशन कंपाऊंड मासा पाहायला गोळा झालं. माझ्या सासूबाई, देवकाबाई, कोणालाही न विचारता विळी घेऊन बसल्या. त्यांनी मासा कापला, लसूण-मिरची वाटून झणझणीत रस्सा केला आणि आमच्याच पडवीत सगळ्यांना वाढला.

जेवता जेवता मास्तरांना कंठ फुटला.

"जमीन कायची देवकाबाई, झाडी आहे नुसती. वाघाचे पंजे पाह्यले आमी चिखलात. ताप त असा का विचारू नका. पयलं गाव काय उगाच उठून गेलं? ते जमीन माणूस खाते."

"आन बोडी?" सासूबाईंनी विचारलं. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात आणि त्याच्या मातीच्या बांधाला पाळ.

"फुटली आहे. पाळीले हे एवढं खिंडार. मधात डबकं उरलं, बस."

"मंग हे मरळ?"

"त्याच डबक्यातली जी," झाडू घास गिळून म्हणाला. "लय आहेत तिथी. पाय टाकला का पायाले लागतेत."

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली ती पानातच. सासूबाईंनी मास्तरांच्या पानात माशाचं डोकं वाढलं, वर रस्सा ओतला आणि म्हणाल्या, "खाल्ल्या रश्शाले त जागा, मास्तर. तोंडात तिथला मासा आन त्याच तोंडानं तिथली निंदा. काटा अडकन बरं!"

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी तर उघडच हसले. सुनेने सासूचं कौतुक करावं अशी कुठे रीत नाही, पण मी करणार. माझ्या सासूसारखी सासू मिळालेली दुसरी कोणी असेल तर तिने पुढे यावं.

प्रकरण असं होतं. आमचे मोठे साहेब कायमचे विलायतेला निघाले होते. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, मिशनचा पैसा आटला होता, बंगला विकला जाणार होता. जायच्या आधी साहेबांनी खटपट करून नदीपलीकडच्या एका उजाड गावाची जमीन आमच्या मंडळीच्या नावाने मिळवून दिली. अट एकच. या पावसाळ्यात पटवाऱ्याला तिथे पेरा दिसला पाहिजे. एक बांधी, म्हणजे धानाचा एक वाफा, पेरलेली दिसली तरी पट्टा कायम, नाहीतर जमीन सरकारजमा.

आणि आम्ही कोण? आम्ही कंपाऊंडातली माणसं. कोणी चौकीदार, कोणी शिपाई, कोणी साहेबांच्या मुलांची आया. ब्रह्मपुरीच्या चहूकडे धानच धान, पण आमच्या पायाला चिखल लागलेला नव्हता. दरवर्षी कापणीचा उपकारसण यायचा तेव्हा आम्ही बाजारातून धानाच्या पेंढ्या विकत आणत असू आणि आपलं पहिलं पीक म्हणून देवळात वेदीपुढे ठेवत असू. होय, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. देवाला जणू काही कळतच नव्हतं!

सासूबाईंचं तर कंपाऊंडाबाहेर कोणीच नव्हतं. मोठ्या दुकाळात कोणीतरी त्यांना मिशनच्या ओट्यावर ठेवून निघून गेलं. तेव्हा त्यांना आपलं नाव तेवढं सांगता येत होतं. गाव कोणतं, आईबाप कोण, ते कुठे मेले, कुठे पुरले, काही पत्ता नाही. तेव्हापासून मिशनचं धान्य, मिशनचं छप्पर. वाढल्या तशा बोर्डिंगच्या चुलीपुढे बसल्या आणि सारा जन्म दुसऱ्यांच्या लेकरांसाठी डाळ घोटली.

रविवारी उपासना झाल्यावर मंडळीची बैठक बसली. आता एक सांगायला हवं. आमच्या गोविंदा मास्तरांचा एक हुकमी उपदेश होता, हेरांचा. मोशेच्या मागून, दुभंगलेल्या समुद्रातून, मिसर देशाच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक वचनाच्या देशाच्या वेशीवर येतात. हेर आत जातात, द्राक्षांचा भला मोठा घड काठीवर लटकवून आणतात आणि म्हणतात, तिथे राक्षस राहतात, त्यांच्यापुढे आम्ही म्हणजे टोळ! त्यांच्यातले कालेब आणि यहोशवा हे दोघेच म्हणतात, चला, देव आपल्या बाजूला आहे. लोक त्यांनाच दगड मारायला उठतात. मिसरातल्या काकड्या आणि कांदे आठवून रडतात. शेवटी ती सारी पिढी रानात खपते, देशात पाऊल पडत नाही, आणि कारण एकच, अविश्वास. इथे मास्तर मेजावर मूठ आपटून विचारत, "ख्रिस्ती माणसा, तू त्यांच्यातला आहेस काय?" आम्ही सगळे एका सुरात म्हणत असू, "नाही!" सर्वांत मोठा आवाज सासूबाईंचा.

त्या रविवारी तेच मास्तर उभे राहिले आणि म्हणाले, "जमीन आपल्याले जमत नाई. आपण विलायतेले अर्ज करू, का सायबाले ठेवा. तोवर ज्याले जमते त्यानं बल्लारपूरच्या कारखान्यात काम पाहावं."

कलाबाई रडायला लागली. "आता लेकराईले दुधाची भुकटी कोन देईन वो माय! कुनैन कोन देईन!" तिचं पाहून आणखी चौघी रडल्या.

बैठकीत बायकांनी बोलायची पद्धत नव्हती. सासूबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश, पण उठल्या.

"मास्तर, ते काठी कुठी आहे?"

"कोणती काठी?"

"मरळ आणली ते. त्याईनं द्राक्षं बी काठीवरच आणली होती ना? आन आणून मंग म्हणले, नाई जमत."

सासूबाई दोन पावलं मेजाकडे गेल्या.

"दर साली मी तुमच्या उपदेशाले आमेन म्हटलं," सासूबाई म्हणाल्या. "मले वाटे, कशी येडी माणसं होती! समुद्र फाटलेला आपल्या डोळ्यानं पाह्यला, तरी भेत होती. आमी असतो त असं नसतं केलं. आता पाह्यलं त मीच त्याईच्यात चटई टाकून बसली आहो. देव आहे म्हणून गाणे म्हणाचे आन पाय उचलाचा नाई, यालेच त अविश्वास म्हणतेत ना, मास्तर? का दुसरं काई म्हणतेत?"

"माय, खाली बस," उमाजी पुरुषांच्या बाजूने दबक्या आवाजात म्हणाला.

"तू बस. तुले त बसाची सवयच आहे. मी जाईन तिथी."

मास्तरांचा चेहरा लाल झाला. "बाई, हा विश्वास नाई, हा हट्ट आहे."

"कालेबाले बी हेच म्हणले असतीन."

मी तिथेच ठरवलं. खरं सांगते, विश्वास वगैरे माझ्या डोक्यात नव्हता. म्हातारी सासू रानात निघाली आणि तरणी सून पडवीत बसून राहिली, असं कोणी म्हणू नये एवढंच मनात होतं. विश्वास मागून आला, आणि आला तो मातीच्या टोपल्या वाहताना आला.

वैशाखात आम्ही दोघी डोंग्यातून नदी उतरलो. बरोबर एक कुदळ, दोन टोपल्या, तांदळाचं गाठोडं आणि सासूबाईंचं पवित्र शास्त्र. ते त्यांना वाचता येत नव्हतं, मला येत होतं. उमाजी काठावर उभा राहिला, हात वर केला नाही.

जमीन मास्तरांनी सांगितली तशीच होती. त्या माणसाने एकही खोटं सांगितलं नव्हतं. झाडी होती, पंजे होते, पडक्या घरांच्या जोत्यांवर रान उगवलं होतं. बोडीच्या पाळीला खिंडार पडलं होतं, बैलगाडी निघून जाईल एवढं. ते बुजवल्याशिवाय पावसाचं पाणी थांबणार नव्हतं आणि पाण्याशिवाय धान होणार नव्हतं. मी कपाळाला हात लावला. सासूबाई डबक्याच्या काठावर बसून मासे पाहत होत्या.

जवळच गोंडांचं गाव होतं. तिथला इसरू आम्हाला पाहायला आला. खांद्यावर कुऱ्हाड, मागे त्याची माणसं.

"तुमच्यात माणूस नाई का?" त्याने विचारलं.

"आहेत ना भाऊ," सासूबाई म्हणाल्या. "देवळात बसून आहेत."

इसरू खो खो हसला. त्याच्या गावालाही त्या बोडीचं पाणी हवं होतं. ठरलं ते असं, त्याच्या लोकांनी आमच्याबरोबर माती टाकायची, आणि पाणी नि मासे दोघांचे. पण इसरूने पाळीवरच्या एका शेंदूर फासलेल्या दगडाकडे बोट दाखवलं. "हा पाळीचा राखणदार. याले कोंबडा दिल्याशिवाय आमी मातीले हात लावत नाई. पयलं गाव विसरलं, म्हणून त पाळ फुटली. आता गाव तुमचं, तुमच्या हातानं द्या."

सासूबाईंनी हातातली टोपली खाली ठेवली. मी त्यांना बाजूला घेतलं. "आत्याबाई, देऊन टाका ना एक कोंबडा. इथी कोन पाहून राह्यलं? मास्तर त नदीच्या तिकडे आहेत."

"मास्तरासाठी का भेऊन राह्यली मी?" त्या म्हणाल्या. "इस्राएल लोकाईनं पुजाले सोन्याचं वासरू केलं तवा बी मोशे डोंगरावरच होता. कोनी पाहत नाई म्हणूनच केलं त्याईनं."

त्या परत इसरूकडे गेल्या. "इसरूभाऊ, तुमचा दगड मी हालवणार नाई. त्याले पाय लागू देणार नाई, कोनी नावं ठेवली त त्याले धरून मारीन. पण माझ्या हातानं कोंबडा होणार नाई. माझा देव मले तेवढं करू देत नाई, आन मी त्याच्यापुढं आदीच लय लाजली आहो, आणखी लाजवू नका. असं करा. खिंडारात पयली टोपली मी टाकीन. कोप झाला त माझ्यावर होईन. दिवस बुडेपावतर मी जिती राह्यली त उद्या या."

इसरूने विचार केला. त्याला ते न्यायाचं वाटलं असावं. तो आणि त्याची माणसं मोहाच्या झाडाखाली बसली आणि आम्ही दोघी कामाला लागलो.

काय तो दिवस! वैशाखाचं ऊन, माती दगडासारखी कडक. मी खणायची, सासूबाई वाहायच्या. मी म्हटलं, थोडं सावलीत बसा, तर म्हणाल्या, "बसली त ते म्हणतीन, लागला कोप." हात सोलून निघाले, लुगडं घामाने अंगाला चिकटलं, आणि बाई त्या दगडापुढून प्रत्येक खेपेला अदबीने वळसा घालून जात होत्या, जशी परक्याच्या अंगणातून बाई जाते तशी. दिवस बुडाला. सासूबाई पाळीवर उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "इसरूभाऊ, पाहून घ्या, आहो मी!"

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव आलं. इसरूने आपला कोंबडा आपल्या हाताने दिला. सासूबाई म्हणाल्या, "तो तुमचा मामला." दुपारी आपल्या चुलीवर मासे रांधून त्यांनी सगळ्यांना वाढले, आणि जेवणाआधी डोळे मिटून केलेली त्यांची लांबलचक प्रार्थना गोंडांनी हात थांबवून ऐकून घेतली.

खिंडार निम्मं भरलं होतं तेव्हा एका सकाळी झाडीतून बैलांच्या घंटा ऐकू आल्या. उमाजी होता. भाड्याने आणलेली बैलजोडी, खांद्यावर नांगर. मला वाटलं, आता आई त्याला चांगली धुणार. मीही दोन वाक्यं तयार ठेवली होती.

सासूबाईंनी डोक्यावरची टोपली उतरवली. "जेवला का?"

"नाई."

"भात आहे. खाऊन घे, आन मंग त्या बांधीत बैल घाल."

एवढंच. माझी दोन वाक्यं माझ्यापाशीच राहिली. पुढे रात्रीच्या जेवणाला ती मी त्याला ऐकवली, हा भाग वेगळा.

मृग लागला, बोडी भरली आणि पाळ धरून राहिली. इसरूच्या बायकोने मला रोवणा, म्हणजे धानाची लावणी, शिकवला. वाकून वाकून कंबर मोडली, पण बांधी हिरवी झाली. श्रावणात पटवारी आला, बांधावरून फिरला, "पेरा आहे," म्हणाला आणि गेला. पट्टा कायम झाला, आमचा एकट्यांचा नव्हे, साऱ्या मंडळीचा. उमाजीने डोंगेवाल्याबरोबर निरोप धाडला. उलटा निरोप आला, नदीला पूर आहे, पाऊस सरल्यावर पाहू. मला राग आला. आयत्या बिळावर यायलासुद्धा यांना मुहूर्त पाहिजे!

"येतीन," सासूबाई म्हणाल्या. "मी त यायला सारा जनम लावला."

ताप आश्विनात आला. सांगितलं ना, मास्तर खोटं बोलले नव्हते. आधी उमाजीला आला, मग मला. आम्ही उठलो. सासूबाईंना आला तो उतरेना. कुनैन संपलं होतं. इसरूने झाडपाला आणून दिला, त्याने दोन दिवस बरं वाटलं, पुन्हा अंग तापलं. मी म्हटलं, "आत्याबाई, उमाजी इसरूभाऊची गाडी जोडते, कंपाऊंडात जाऊ. ब्रह्मपुरीचा डॉक्टर आणू."

"रस्त्यातच मरीन, पोरी. आन नाई मेली त मास्तर म्हणतीन, पाहा, परत आली मिसरात." त्या हसल्या, खोकल्या. "मले बांधावर ने."

उमाजीने त्यांना पाठीवर घेतलं. धान पिकून पिवळं झालं होतं, लोंब्या वाकल्या होत्या. त्यांनी एक लोंबी तळहातावर चोळली, फोल फुंकून टाकलं आणि दाणे दाताखाली धरले. मी विचारलं, "कसे आहेत?"

"आपले आहेत," त्या म्हणाल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. मी रडले, खूप रडले, आणि रडताना छाती अशी भरून आली होती की काय सांगू. मी राणीची सून असते तरी एवढा गर्व मला झाला नसता.

निरोप मिळताच मंडळी आली. नदी उतरली होती, त्यामुळे गाडी उतारातून थेट आणता आली. गोविंदा मास्तर, झाडू, कलाबाई, बरेच जण. गाडीत तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या गवताचा, जाड थर अंथरून वर पांढरी चादर घातली होती. मास्तर सासूबाईंच्या पायाशी बसले आणि लहान पोरासारखे रडले. ते रडणं खरं होतं. मग डोळे पुसून म्हणाले, "उमाजी, चल, बाईले नेऊ. देवळाच्या भिंतीजवळ सायबानं बाईसाठी जागा ठेवली आहे. एवढी सेवा केली तिनं."

उमाजीने माझ्याकडे पाहिलं.

"नाई," मी म्हटलं. "त्या इथीच राहतीन."

"रानात? एकटी?" मास्तर म्हणाले. "पोरी, मोशेसारखं झालं वो तिचं. देश दिसला, पण..."

"मास्तर, तसं म्हणू नका!" मी एवढ्या जोरात ओरडले की बैल दचकले. "मोशेले आत पाय टाकता नाई आला. ह्या आत आल्या. इथी पाळ बांधली, इथी पेरलं, इथला दाणा खाल्ला. त्याईले आईबापाची माती माहीत नोहती. आता ही त्याईची माती आहे. तुमी न्याल त कोनत्या तोंडानं न्याल?"

इसरूची माणसं लांब उभी होती. कलाबाई हळूच माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

जागा बांधाच्या वरच्या अंगाला, मोहाच्या सावलीत निवडली. उमाजी खणायला लागला, पण तापाने तो अजून खचलेला होता. थोड्याच वेळात तो कुदळीच्या दांड्यावर टेकून उभा राहिला. मास्तरांनी कोट काढून फांदीला टांगला, धोतर खोचलं आणि त्याच्या हातातून कुदळ घेतली. या माणसाने जन्मात कधी जमीन खणली नव्हती. पहिले घाव वेडेवाकडे पडले. मग हात बसला. वरचा कडक थर सुटला आणि खालची माती निघू लागली, काळी, ओलसर, लोण्यासारखी. मास्तर कमरेइतक्या खड्ड्यात उतरले होते. एकदा ते थांबले, एक ढेकूळ उचललं, मुठीत दाबून फोडलं आणि बराच वेळ तळहाताकडे पाहत राहिले.

"माती चांगली आहे," ते म्हणाले.

त्यांनी पुन्हा कुदळ उचलली.

सासूबाईंना मातीत ठेवलं, प्रार्थना झाली, गाणं झालं. मास्तरांनी उपदेश केला नाही. दिवस कलला तरी कोणी परत निघायचं नाव काढेना. झाडूने बैल सोडून मोहाच्या झाडाला बांधले. कलाबाईने मला विचारलं की विळे किती आहेत. मास्तर गाडीकडे गेले, चादर उचलून घडी केली आणि सासूबाईंसाठी अंथरलेलं ते तणस कवेत भरून त्यांनी बैलांपुढे टाकलं.